जुनी 407 स्लोवर थरथरते, मिसिंग मारते: काय तपासायचं आणि कुठल्या क्रमानं

जुन्या डिझेल ट्रकचं स्लो, म्हणजे पेडल न दाबता इंजिन हळू फिरत राहतं ते, बिघडणं हे दुखणं माझ्या हातून इतक्या वेळा गेलंय की आता गाडी गेटमधून आत येतानाच अर्धा अंदाज येतो. मी मुख्यतः टाटा 407 आणि त्याच काळातल्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांबद्दल लिहितोय, म्हणजे प्रेशरने डिझेल देणारा इनलाईन पंप, सिलिंडरमध्ये ते फवारणारी चार नोझल, कुठेही ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) नाही. कांदा-भाजीपाला वाहणाऱ्या आपल्याकडच्या कितीतरी गाड्या अजून याच आहेत. तुमच्या नोझलच्या डोक्यावर वायरिंगचा सॉकेट असेल तर ती कॉमन रेल गाडी आहे, तिच्यासाठी खाली सांगितलेलं पाईप सैल करून बघणं अजिबात करायचं नाही, तिथे हजार बारच्या वर प्रेशर जातं, चेष्टेचं काम नाही.

आधी लक्षणं नीट बघा, कारण नुसतं "गाडी हलते" यावरून काहीच कळत नाही.

न्यूट्रलला उभी असताना अख्खी केबिन थरथरते, आरसे हलतात, गिअरचा दांडा नाचतो, पण थोडी रेस दिली की सगळं गुळगुळीत. हे सगळ्यात कॉमन. दुसरं म्हणजे मिसिंग, ठराविक तालात एक ठोका चुकतो, डुग-डुग-डुग आणि मधेच खाली, सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला तर धक्का सारखा लागत नाही. तिसरं, रेस आपोआप वर-खाली होते, कोणी पेडल दाबतंय सोडतंय असं वाटतं, याला हंटिंग म्हणतात. चौथं, सकाळी स्टार्टर खूप मारावा लागतो, चालू झाली की दोन-तीन मिनिटं तडफडते, पांढरा धूर देते आणि मग शांत होते. आणि पाचवं, चालताना ठीक पण सिग्नलला क्लच दाबला की बंदच पडते.

हे पाचवं कधीच हलक्यात घेऊ नका. 407 ला ब्रेकचा बूस्टर व्हॅक्यूमवर चालतो आणि तो व्हॅक्यूम इंजिन फिरतंय तोवरच तयार होतो. कसारा घाटात उतरताना क्लच दाबला आणि इंजिन बंद पडलं तर साठलेल्या व्हॅक्यूमवर पेडल मोजकेच वेळा साथ देतं, नंतर दगडासारखं कडक होतं. अशी गाडी लोड भरून घाटात न्यायचीच नाही, आधी दुरुस्त करा, भाडं गेलं तर गेलं.

आता दोष स्लोवरच का दिसतो ते समजून घ्या, म्हणजे पुढचा क्रम का असा आहे ते कळेल. 700 च्या रेसला, म्हणजे मिनिटाला 700 फेऱ्यांना, प्रत्येक सिलिंडर मिनिटाला साडेतीनशे वेळा पेटतो आणि दरवेळी नोझल जे डिझेल सोडतं ते एका थेंबापेक्षाही कमी असतं. एवढ्याशा मापात एखाद्या सिलिंडरला जरा कमी मिळालं किंवा हवेचा बुडबुडा गेला, तर तो सिलिंडर लगेच मागे पडतो आणि इंजिन झोल खातं. रेस वाढवली की डिझेल वाढतं, फ्लायव्हीलचा जोर वाढतो, तोच फरक झाकला जातो. म्हणून स्लो बिघडलं याचा अर्थ पंप गेला असा होत नाही, आणि लोक नेमके तिथेच जाऊन पैसे घालतात. माझा अनुभव असा की बहुतेक वेळा दोष टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल खेचणारा छोटा पंप) या पट्ट्यात सापडतो, काही रुपयांच्या वॉशरमध्ये नाहीतर कुजलेल्या रबरी नळीत. मोठा पंप उघडणं सगळ्यात शेवटी.

काम सुरू करण्याआधी सपाट जागा, हँडब्रेक, चाकाला दगड किंवा ओंडका, गिअर न्यूट्रल. गळ्यातला गमछा काढून ठेवा, फॅन आणि बेल्ट जवळ असतात. बंद शेडमध्ये गाडी चालू ठेवून तपासू नका. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, चार गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली तर नेमकं काय होतं ते कधीच कळत नाही, पुढच्या वेळी परत चारही बदलता.

फुकटातल्या गोष्टी आधी

पहिलं म्हणजे खरंच इंजिन मिस करतंय की फक्त हलतंय? बॉनेट उघडून कान द्या. आवाज सरळ एकसारखा आहे पण केबिन हलतेय, तर इंजिन ज्यावर बसतं ते फाउंडेशन रबर बघा. गाडी चालू-बंद करायला एकाला बसवा आणि बंद करताना इंजिन किती उसळतं ते बघा, एका बाजूला जास्त उडी मारत असेल तर त्या बाजूचा रबर बसलाय किंवा फाटलाय. ऑईल पडून पडून हे रबर मऊ होऊन चिरतात. रबर खराब असताना कितीही नोझल बदला, थरथर जाणार नाही.

दुसरं, स्टॉपची केबल. हे जवळजवळ कोणीच बघत नाही. जुन्या गाडीत इंजिन बंद करायला जो नॉब ओढतो त्याची केबल गंजली की नॉब आत जातो पण पंपावरचा लिव्हर पूर्ण मागे येत नाही, म्हणजे पंप अर्धवट बंद स्थितीतच राहतो. गाडी स्लोवर रडते, चढाला पण ओढत नाही, आणि लोक म्हणतात पंप वीक झाला. पंपाजवळ हात घालून लिव्हर स्वतः मागे ढकलून बघा, लगेच फरक पडला तर केबल बदला, काम संपलं. तसंच अॅक्सिलेटरची केबल आणि रिटर्न स्प्रिंग, पेडलखाली मॅट अडकलंय का तेही बघा.

तिसरं, स्लोचा स्क्रू. बहुतेक जुन्या डिझेल ट्रकची रेस गरम झाल्यावर 600 ते 750 च्या मधे असते, तुमच्या मॅन्युअलमधला आकडा खरा धरा. कोणीतरी अॅव्हरेज वाढेल म्हणून स्लो खाली आणून ठेवलेलं असतं आणि तेवढ्यानेच गाडी हलते, तर ते योग्य जागी आणा. पण उलटं करू नका, म्हणजे मिसिंग आहे म्हणून स्लो वाढवून झाकायचं. हे फार होतं, गाडी विकताना तर हमखास होतं, आणि दोष आत वाढत राहतो. स्क्रू हात लावायच्या आधी किती आटे बाहेर आहेत ते मोजून ठेवा.

चौथं, टाकीचं झाकण. त्याला हवेसाठी बारीक भोक असतं, ते धुळीने आणि डिझेलच्या चिकट्याने बुजलं की टाकीत व्हॅक्यूम तयार होतो आणि फीड पंपाला डिझेल खेचता येत नाही. तासभर चालल्यावर गाडी बिघडते आणि थांबून झाकण उघडलं की फुस्स आवाज येऊन परत नीट चालते, असं असेल तर दुसरं काही शोधू नका.

डिझेल आणि फिल्टर

पावसाळ्यात आणि त्यानंतर लगेच येणाऱ्या गाड्यांमध्ये पाणी निघतंच. अर्धी रिकामी टाकी रात्री थंड झाली की आतल्या दमट हवेचं पाणी होतं, ते तळाला बसतं. टाकीच्या ड्रेन प्लगमधून आणि फिल्टरच्या खालच्या स्क्रूमधून थोडं डिझेल पारदर्शक बाटलीत घ्या, पंधरा-वीस मिनिटं ठेवा. पाणी खाली वेगळं दिसतं, काळा किंवा तपकिरी गाळ असेल तर टाकीच धुवायला झालीय. पाण्याने नुसतं मिसिंग होत नाही, पंपाचे एलिमेंट (डिझेल ढकलणारे आतले दांडे) आणि नोझलच्या सुया गंजतात, त्यांच्यात वंगण म्हणून डिझेलच असतं. म्हणून ही तपासणी बाकी काही सापडलं तरी करायचीच.

फिल्टर दोन असतात बऱ्याच गाड्यांत, पहिला जाड कापडी आणि दुसरा कागदी. शेवटचे कधी बदलले ते आठवत नसेल तर बदला. फीड पंपाच्या तोंडाशी पण एक छोटी जाळी असते, काही गाड्यांत काचेच्या किंवा प्लास्टिकच्या वाटीत, ती काढून ब्रशने धुवा. नवे फिल्टर टाकून वर्ष वर्ष ही जाळी तशीच चोंदलेली, असं कितीतरी गाड्यांत बघितलंय. जाता जाता एअर फिल्टरबद्दल, त्याने काळा धूर आणि ओढ कमी होते, पण स्लोला हवा लागतेच किती, त्यामुळे फक्त स्लो बिघडलंय म्हणून एअर फिल्टर बदलून काही होत नाही. साफ करा जरूर, आशा ठेवू नका.

एअर धरणं

आता मुख्य गोष्ट, डिझेलच्या लाईनमध्ये हवा शिरणं. माझ्याकडे येणाऱ्या हंटिंगच्या आणि सकाळी स्टार्ट न होणाऱ्या गाड्यांत सगळ्यात जास्त वेळा हेच निघतं.

टाकी खाली, फीड पंप वर. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा पाईप खेचण्यावर असतो, म्हणजे तिथे बारीक भेग असली तर चालू गाडीत डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत जाते. शहाळ्याच्या स्ट्रॉला वर चीर असली की पाण्याऐवजी हवाच तोंडात येते, तसं. म्हणून "कुठेही लीकेज नाही" हे वाक्य इथे काही सिद्ध करत नाही. रात्रभर गाडी उभी राहिली की त्याच भेगेतून हवा शिरून डिझेल मागे टाकीत उतरतं आणि सकाळी स्टार्टर मारत बसावं लागतं.

पकडायचं कसं? फीड पंपाच्या आधी पारदर्शक डिझेल नळीचा वीतभर तुकडा तात्पुरता जोडा, क्लॅम्प नीट आवळा, आणि गाडी चालू करून बघा. बुडबुड्यांची रांग सतत चालू राहिली तर हवा याच बाजूने येतेय. नळी डिझेलचीच घ्या, पाण्याची साधी नळी कडक होऊन निसटते. मग एकेक जोड टाकीकडे मागे मागे जात तपासा. आधी रबरी नळ्या, त्या क्लॅम्पच्या कडेला चिरतात, वाकवून बघितल्याशिवाय चीर दिसत नाही. मग बेंजो बोल्टचे (पाईप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) वॉशर, ते एकदा दबले की परत वापरायचे नसतात, प्रत्येक वेळी जोड उघडला की नवे. जास्त आवळून लीकेज बंद होत नाही, बोल्टच तुटतो. मग लोखंडी पाईप चेसिसला जिथे घासतो ती जागा. आणि टाकीच्या आतला खेचणारा पाईप, तो वरच्या बाजूला गंजून भोक पडतं. त्याची खूण सोपी आहे, टाकी भरलेली असली की गाडी ठीक, अर्ध्याखाली आली की तक्रार सुरू.

हँड प्रायमर, म्हणजे हाताने डिझेल चढवायचा पंप, तो पण बघा. त्याचं बटण वापरल्यावर पूर्ण आवळून बसवायचं असतं, सैल राहिलं तर तिथून हवा घेतो. आतलं सील झिजलं असेल तर दांड्याच्या कडेने डिझेल येतं, तो बदलायचाच. फीड पंपात दोन छोटे व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग असतात, त्यांच्याखाली कचरा अडकला तरी डिझेल मागे जातं, तो भाग उघडून धुणं अवघड नाही, फक्त कुठली स्प्रिंग कुठे होती त्याचा फोटो काढून ठेवा.

दोष काढल्यावर एअर काढा. फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू सैल करायचा, प्रायमर मारत राहायचं, फेस जाऊन सलग डिझेल आलं की मारता मारताच स्क्रू आवळायचा, मग हेच पंपाच्या स्क्रूवर. तरी स्टार्ट होत नसेल तर दोन नोझलचे नट सैल करून स्टार्टर मारा, डिझेल आलं की आवळा. आणि स्टार्टर दहा-पंधरा सेकंदांच्या वर सलग मारू नका, थांबून मारा.

एअर नाही, डिझेल साफ आहे, तरी हंटिंग, तर पंपाचा ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह बघा. पंपाच्या आत साधारण एक ते दीड बार प्रेशर टिकवायचं त्याचं काम, स्प्रिंग मेली की डिझेल सगळं रिटर्नला, म्हणजे परत टाकीकडे, पळतं आणि पंपाचं पोट भरत नाही. जागेवर साधा बोल्ट लावून ठेवलेलाही मी बघितलाय, तसं करू नका.

कुठला सिलिंडर मेलाय ते शोधणं

ठराविक तालात ठोका चुकतोय तर दोष बहुधा एकाच सिलिंडरचा. फक्त मेकॅनिकल पंपाच्या गाडीत, इंजिन स्लोवर चालू ठेवून एकेका नोझलकडचा पाईपचा नट कपडा गुंडाळून अर्धा-एक आटा सैल करायचा, ऐकायचं, परत आवळायचा. चांगला सिलिंडर कापला की इंजिन लगेच बसतं. ज्याचा नट सैल करूनही काही फरक पडत नाही, तोच कामचुकार. डोळ्याला चष्मा लावा, तोंड लांब ठेवा आणि पाईपमधून येणाऱ्या धारेवर बोट कधीही धरू नका. ही धार कातडीतून आत घुसते, वरून टाचणीएवढी खूण दिसते आणि आतलं मांस खराब होत जातं. असं झालं तर दुखत नसलं तरी त्याच क्षणी हॉस्पिटल, आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं की प्रेशरचं डिझेल आत गेलंय.

ज्यांच्याकडे टेम्परेचरची गन आहे त्यांनी थंड गाडी चालू करून मिनिटभरात धूर बाहेर नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या चारही तोंडांवर मारून बघा, जो थंड राहतो तो हा. त्यात नट उघडायचीही गरज नाही.

मग त्याचं नोझल शेजारच्या चांगल्या सिलिंडरशी अदलाबदल करा. मिसिंग नोझलबरोबर दुसऱ्या सिलिंडरला गेलं तर नोझल खराब, जागेवरच राहिलं तर नोझलला सोडा. चारही नोझल डोळे झाकून बदलण्यापेक्षा ही एक तासाची मेहनत बरी. बसवताना जुना तांब्याचा वॉशर हेडमध्ये चिकटून राहिलाय का ते टॉर्च मारून बघा, तो राहिला आणि वर नवा टाकला की नोझल वर उचललं जातं आणि स्प्रे चुकीच्या जागी पडतो, नवीन नोझल टाकून गाडी आणखी बिघडली असं म्हणणाऱ्यांच्यात हे पुष्कळदा असतं. चालू गाडीत नोझलच्या बुडाशी चक-चक आवाज येत असेल तर वॉशरमधून कॉम्प्रेशन जातंय.

खराब नोझल घरी तारेने खरवडू नका. डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्या पंपवाल्याकडे टेस्टरवर लावून घ्या, प्रेशर किती, स्प्रे धुक्यासारखा आहे की धार पडतेय, टोकाला थेंब लोंबतोय का, ते तुमच्यासमोर दिसतं. थेंब लोंबणारं नोझल म्हणजेच सकाळचा पांढरा धूर आणि टकटक.

टॅपेट

नोझल बदलूनही तोच सिलिंडर मेलेला असेल तर पंपावर घसरण्याआधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची गॅप, बघा. व्हॉल्व्ह घट्ट झाला की नीट बसत नाही, कॉम्प्रेशन गळतं, आणि जास्त दिवस तसंच चालवलं तर व्हॉल्व्हची सीट जळते. इंजिन थंड हवं, फिलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या) हवा आणि गॅप मॅन्युअलमध्ये किंवा इंजिनच्या प्लेटवर असेल तोच, इनटेकचा वेगळा आणि एक्झॉस्टचा वेगळा. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, 1-3-4-2 आहे, म्हणजे 4 नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र हलताना 1 चे सेट करायचे, 1 चे हलताना 4 चे, आणि तसंच 2 आणि 3 ची जोडी. सहा सिलिंडरला 1-5-3-6-2-4 असेल तर जोड्या 1-6, 5-2, 3-4. गेज हलकं अडकत सरकलं पाहिजे. पहिल्यांदा करत असाल तर हे काम जमणाऱ्या माणसाला शेजारी उभं करा.

इथे थांबायचं

ऑईलची पट्टी काढून बघा. ऑईल वाढलंय, पातळ झालंय आणि डिझेलचा वास येतोय, तर गाडी चालूच करू नका. डिझेल ऑईलच्या चेंबरमध्ये जातंय, बेअरिंग जातील, आणि इंजिन स्वतःचं ऑईल ओढून बेफाम पळू शकतं, मग नॉब ओढूनही बंद होत नाही. तसं झालंच तर हवा बंद करायची, एअर फिल्टरच्या पाईपचं तोंड फळीने किंवा जाड गोणपाटाने दाबायचं, हाताने नाही.

रेडिएटरमध्ये चालू गाडीत सतत बुडबुडे, पाण्यावर तेलाचा तवंग, ऑईल दुधाळ, ही हेड गॅसकेट. ऑईलचं झाकण उघडलं की धूर जोरात फेकतंय, म्हणजे बॅक कॉम्प्रेशन मारतंय आणि निळा धूर, ही रिंगा-लायनरची गोष्ट. स्लोवर ऑईलचा दिवा लागतोय, किंवा खालून धातूवर धातू आपटल्याचा आवाज येतोय. यातलं काहीही असेल तर पुढची तपासणी करत बसू नका, गाडी ओढून चांगल्या इंजिनवाल्याकडे न्या.

आणि मोठा पंप, म्हणजे नोझलना डिझेल देणारा. त्याचं सील, गव्हर्नरचं कव्हर, डिलिव्हरी व्हॉल्व्ह, यांना घरी हात लावायचा नाही. तो टेस्ट बेंचवर मापल्याशिवाय चारही एलिमेंटचं डिझेल सारखं करता येत नाही, कानाने तर नाहीच. तुम्ही फक्त फ्लँजवरच्या (पंप इंजिनला जिथे बसतो त्या कडेवरच्या) टायमिंगच्या खुणा जुळतात का आणि बोल्ट सैल नाहीत ना एवढं बघा. पंप न्यायची वेळ आलीच तर आधी खुणा पक्क्या करा, सगळी तोंडं स्वच्छ टोप्यांनी बंद करा आणि चारही नोझल बरोबर न्या. पंपवाल्याला सांगा की स्लोवरचं माप पण चारही लाईनचं लिहून द्या, काही जण फक्त फुल लोडचं जुळवतात आणि मग स्लो तसंच राहतं. पंप परत बसवायच्या आधी टाकी धुतलेली आणि दोन्ही फिल्टर नवीन हवेत. ते नसेल तर पंप बसवू नका, दोन दिवस गाडी उभी राहू द्या.